गणित सोडून पाच विषय

१२ सप्टेंबर

आज शबनमला घेऊन तन्वीरच्या ऑफिसात गेलो. तन्वीर माझा मुलगा. शबनम त्याची बायको. नोकरीत असताना माणूस गेला तर त्याच्या घरातल्या एकाला कामावर घेतात, असा नियम आहे. तिथला बाबू सभ्य होता. म्हणाला, सुनेचं नाव लागेल, पण दहावी पास पाहिजे. बाई, तुमची नववीच झालीय. जूनअखेरपर्यंत पास होऊन या, तोवर जागा धरून ठेवतो. त्यानंतर माझ्या हातात काही नाही.

मी विचारलं, तिच्याऐवजी मी चालेन का, माझीही नववी आहे. बाबूने वय विचारलं. अडुसष्ट सांगितलं. त्याने पाण्याचा ग्लास माझ्यापुढं सरकवला.

परत येताना शबनम बसमध्ये बोटांवर महिने मोजत होती. तिला धीर देणं भाग आहे. घरात आता पुरुष माणूस मीच.

संध्याकाळी ठरवलं. सुनेबरोबर मीही दहावीला बसणार. एकटी बाई गांगरून जाईल. पुढं चालणारं कुणीतरी पाहिजे. नसीमला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, खुशाल चाला पुढं, फक्त तिच्या वाटेत उभे राहू नका.

१३ सप्टेंबर

टाइमटेबल केलं. पहाटे चार ते सहा गणित. मग इंग्रजी. दुपारी विज्ञान. संध्याकाळी इतिहास-भूगोल. रविवारी उजळणी. कार्डशीटवर स्केचपेनने लिहून कपाटाच्या दारावर चिकटवलं. शबनमसाठी वेगळं केलं नाही, तिने माझंच बघावं. तिला स्वयंपाक असतो, नाजिमाची शाळा असते. नाजिमा माझी नात, तिसरीत आहे. तेव्हा शबनमने मधल्या वेळात कुठंतरी बसवून घ्यावं.

१४ सप्टेंबर

चारला उठणं झालं नाही. पंखा जुना आहे, त्याच्या आवाजात गजर ऐकू येत नाही.

१९ सप्टेंबर

शाळेत न जाता बाहेरून बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. माझ्या जुन्या शाळेत जाऊन आणला. प्रगती: साधारण. वर्तणूक: बरी. शाळा सोडण्याचं कारण: सतत गैरहजर. पहिल्या दोन गोष्टी बरोबर आहेत. तिसरीत कारकुनाची चूक आहे. मी तेव्हा स्वारगेटला चुलत्याच्या दुकानात रिक्षाची सीटकव्हरं शिवत होतो. म्हणजे हजर होतोच, फक्त दुसरीकडे.

शबनमचा दाखला तिच्या माहेरून आला. प्रगती: चांगली. कारण: पालकांची इच्छा. लग्न ठरवताना मी तिच्या वडिलांना शब्द दिला होता की पोरीला पुढं शिकवू. मग नाजिमा झाली. माझं सीटकव्हरचं दुकान होतं. राहून गेलं. अशी कामं राहतातच.

५ ऑक्टोबर

फॉर्म भरले. स्वारगेटजवळच्या एका शाळेत कुसुम मॅडम बाहेरून बसणाऱ्यांचे शनिवार-रविवार वर्ग घेतात. हॉटेलातली पोरं, एक वॉचमन, दोन-तीन बायका आणि आम्ही. मी पहिल्या बाकावर बसलो. शबनम मागं बायकांत. मॅडमना मी सात-आठ शंका विचारल्या. त्या म्हणाल्या, काका, बाकीच्यांनाही शंका असू शकतात. छाप पडली आहे.

बाक फार अरुंद. मांड्या अवघडतात.

१६ ऑक्टोबर

घरात शिस्त आणली आहे. संध्याकाळी सात ते नऊ अभ्यास. टीव्ही बंद. कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. झोप येऊ नये म्हणून शबनमने अर्ध्या-अर्ध्या तासाने चहा करायचा. त्या निमित्ताने तिलाही उठून पाय मोकळे करता येतात.

नसीमने विचारलं, तिला अभ्यासाला बसवलंय की गॅसला.

नसीमला शिक्षणाची पार्श्वभूमी नाही. वाद घातला नाही.

२ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी म्हणून वर्ग नाही. अभ्यासालाही सुट्टी दिली. सगळं शांत आहे. खाली पार्किंगमध्ये तन्वीरची गाडी उभी असते, तो ती फक्त रविवारी काढायचा. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून मी कव्हर शिवलं होतं. आज ते काढून झटकून परत घातलं. मागच्या वर्षी पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला. आठवडाभरात गेला. त्याबद्दल इथं लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

आम्ही सगळे वेळेवर जेवतो. कुणी रडत वगैरे नाही.

२४ नोव्हेंबर

वर्गात चाचणी झाली. बीजगणितात मला वीसपैकी चार. शबनमला अकरा. माझी उत्तरं बरोबर असणार, कारण हिशेबात आयुष्य गेलं. पण या लोकांना पायऱ्या पाहिजेत. क्ष मानू, मग क्ष काढू, मग शेवटी लिहू की म्हणून क्ष बरोबर अमुक. जो अमुक आहे त्याला आधी क्ष कशाला म्हणायचं. मॅडमना तसं विचारलं. त्या म्हणाल्या, काका, परीक्षेत एवढं नका विचारू, नुसतं सोडवा.

शबनमला अकरा कसे पडले हे विचारलं. म्हणाली, अब्बा, कणीक मळताना पाढे म्हणते मी. बायकांचं पाठांतर चांगलं असतं.

घरी आल्यावर छातीत धडधड. पेपरात असं झालं तर काय. रक्तदाब मोजून घेतला. नॉर्मल. मशीन बिघडलेलं असावं.

८ डिसेंबर

आज डोक्यावरचं ओझं उतरलं.

डेअरीसमोरच्या बाकावर हिंदुराव भेटला. बिबवेवाडीत आम्ही शेजारी राहतो त्याला तीस वर्षं झाली. त्याच्या नातवाला, विश्वजीतला, दोन वर्षांपूर्वी दहावीत एक्याण्णव टक्के पडले होते, हे तो दर आठवड्याला सांगतो. आज मी म्हटलं, गणितातही असतीलच नव्वदच्या वर. तर हिंदुराव म्हणाला, नाही हो, गणितात आपटला होता बिचारा, पण ते धरलेच नाहीत. बेस्ट ऑफ फाइव्ह. सहा विषयांतले चांगले पाच घेतात, सहावा सोडून देतात.

मी दोनदा विचारून खात्री केली. सोडून देतात? सोडून देतात म्हणाला.

म्हणजे सहा विषयांपैकी एक विषय सरकारच सोडून देतं. मग तो आपण का धरायचा. इतके महिने पहाटे चार ते सहा मी गणितात घालवणार होतो. हे कुणी सांगत कसं नाही. क्लासवाल्यांचा धंदा आहे त्यात, म्हणून सांगत नसतील. कुसुम मॅडम फी घेत नाहीत हे खरं, पण सवय लागलेली असते.

८ डिसेंबर, संध्याकाळी

शबनमला समजावलं की गणित सोडायचं. तो वेळ विज्ञानाला द्यायचा. ती म्हणाली, अब्बा, पण पास तर सगळ्यातच व्हावं लागतं ना. मी म्हटलं, जो विषय धरतच नाहीत त्यात पास काय आणि नापास काय. ती म्हणाली, मॅडमना एकदा विचारूया का. मी म्हटलं, माणसाने प्रत्येक गोष्ट विचारत सुटू नये. त्याने किंमत कमी होते.

तिच्या नोकरीचा प्रश्न आहे म्हणून मी एवढा जीव काढतो. मला स्वतःला पास होऊन काय करायचंय.

१० डिसेंबर

गणिताची दोन्ही पुस्तकं, माझी आणि शबनमची, रद्दीत घातली. समोर दिसली की मन विचलित होतं. टाइमटेबलवर गणितावर पांढरा कागद चिकटवला. आता पहाटे सहाला उठलं तरी चालतं.

नसीमने विचारलं, तिचं पुस्तक तिला विचारून दिलंत का. मी म्हटलं, घरात एकानेच निर्णय घ्यायचा असतो. ती म्हणाली, हो, आणि बाकीच्यांनी निस्तरायचा असतो.

१५ डिसेंबर

सकाळी सातला उठलो. थंडी आहे.

२८ डिसेंबर

शबनमच्या उशीखाली बीजगणिताचं पुस्तक दिसलं. आत विश्वजीतचं नाव. विचारलं तर म्हणाली, नाजिमाला पुढं लागेल म्हणून हिंदुरावकाकांच्या घरून आणलं. दूरदृष्टी चांगली आहे. पण नाजिमा दहावीला जाईपर्यंत अभ्यासक्रम बदलेल, एवढं तिला कळायला हवं होतं.

११ जानेवारी

वर्गाला जाणं बंद केलं. शनिवार तर पूर्ण गणिताचाच असतो. रविवारी बाकाचा त्रास. शबनम जाते. तिला म्हटलं, गणिताच्या तासाला तू तिथं काय करतेस. म्हणाली, बसून राहते. थंडीत एवढ्या लांब नुसतं बसायला जाते. हिला कुणाला नाही म्हणता येत नाही, हा हिचा जुना दोष.

मी घरी सेल्फ स्टडी करतो. दुपारी जेवल्यावर इतिहास उघडला की लगेच शांत वाटतं. अजून पहिलं प्रकरण चालू आहे. पाया पक्का पाहिजे.

३ फेब्रुवारी

हॉल तिकिटं आली. माझ्या फोटोत मी चोरासारखा दिसतो. सेंटरवर अडवलं तर. पेन चाललं नाही तर. मध्येच लघवीला लागली तर सोडतात का. बस बंद पडली तर. शबनमने तिचं हॉल तिकीट फ्रीजवर चुंबकाखाली लावलं होतं, म्हणजे पंख्याने उडून गॅसवर पडायला मोकळं. दोन्ही हॉल तिकिटं कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे. पेपराच्या दिवशी मी काढून देईन.

२१ फेब्रुवारी

मराठीचा पेपर उत्तम गेला. निबंध चार पानी लिहिला. एका वृक्षाचे मनोगत. लिहिता लिहिता झाड इतकं बोलू लागलं की व्याकरणाला वेळ उरला नाही. पण तपासणारा निबंध बघूनच ओळखेल. पंच्याहत्तर धरून चालतो.

शबनम म्हणाली, मला बरा गेला. तिच्यात आत्मविश्वास कमी.

१ मार्च

इंग्रजी. एक उतारा मधमाश्यांवर होता. बाकी काय होतं ते नीट कळलं नाही. साठ धरतो.

४ मार्च, इफ्तारनंतर

रमजान सुरू झाला आहे. साखरेमुळे डॉक्टरांनी मला रोजे मना केलेत, पण मी मनाने धरतो. शबनमचे रोजे आणि अभ्यास दोन्ही चालू आहेत. डोळे आत गेलेत.

ती म्हणाली, अब्बा, सकाळसाठी हॉल तिकीट काढून ठेवा. मी म्हटलं, उद्या पेपर कुठाय. म्हणाली, बीजगणिताचा आहे. मी परत पहिल्यापासून बेस्ट ऑफ फाइव्ह समजावलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, अब्बा, तुमचं बरोबर असेल, पण मी नुसती जाऊन बसते, काय जातंय. मी म्हटलं, शक्ती जाते. रोज्यात उन्हातून जायचं आणि जे धरतच नाहीत ते सोडवून यायचं. सात तारखेलाही तेच. त्यापेक्षा दोन्ही दिवस विज्ञान कर. जूनपर्यंत पास व्हायचंय ना तुला. ती म्हणाली, म्हणूनच.

मी म्हटलं, विषय संपला. ती ताटं उचलायला लागली. पटलं असावं.

५ मार्च, दुपारी

जे झालं ते तसंच लिहून ठेवतो.

सकाळी कपाटाला कुलूप आहे ना बघितलं, किल्ली खिशात घातली आणि डेअरीसमोर जाऊन बसलो. हिंदुरावने चहा सांगितला. मला औषधाच्या वेळेला चहा लागतो. दहा वाजले असतील. पेपर अकराला.

नसीम कधी डेअरीपर्यंत येत नाही. आज आली. पायात शबनमच्या चपला. समोर उभी राहून हात पुढं केला आणि म्हणाली, किल्ली.

मी म्हटलं, लोक बसलेत. ती म्हणाली, बसू द्या, कुलूप तोडायचं झालं तर त्यांनाच घेऊन जाते.

हिंदुरावने विचारलं, वहिनी, काय झालं. नसीमने सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं, त्यामुळे सगळं मूर्खपणाचं वाटलं.

हिंदुरावने कप खाली ठेवला. म्हणाला, अहो नासिरभाई, विश्वजीतला गणितात बेचाळीस होते. पास होता तो. पास झाल्यावर मग टक्के काढताना ते धरत नाहीत. न बसता पास करायला तुम्ही काय बोर्डाचे जावई आहात.

मग म्हणाला, उठा, अजून वेळ आहे. विश्वजीत घरीच आहे, गाडीवर पोरीला सोडेल. तुम्ही मागून रिक्षाने या.

मी किल्ली नसीमला दिली. उठलो नाही. चहा अर्धा राहिला होता.

शबनम विश्वजीतच्या गाडीवर गेली. नसीम तिच्या मागून रिक्षाने गेली. मी घरी आलो. कपाट उघडं होतं. माझं हॉल तिकीट एकटंच आत होतं. वेळ बघितली, साडेदहा. अजून जाता आलं असतं असं कुणी म्हणेल. पण घाईत पेपर चांगला जात नाही. शिवाय हिंदुरावचा नियमांचा अभ्यास नाही. त्याने आधी सांगितलं सोडून देतात, आज सांगतो देत नाहीत. अशा माणसावर किती भरवसा ठेवायचा.

नाजिमा शाळेत. घरात कुणी नाही. तन्वीरच्या खोलीतला पंखा चालू राहिला होता, तो बंद केला. मग परत चालू केला.

 

५ मार्च, संध्याकाळी

अडीचनंतर दोघी आल्या. फाटक बंद व्हायच्या आत शबनम पोचली म्हणे. पेपर सुटेपर्यंत नसीम शाळेबाहेर फुटपाथवर बसून होती. तिचाही रोजा. मी पेपर कसा गेला विचारलं नाही, शबनमने सांगितलं नाही. नमाज पढली आणि झोपली. इफ्तारला खजूर माझ्यापुढं तिनेच ठेवला.

७ मार्च

भूमितीचा पेपर. कपाटाला कुलूप नाही. किल्ली नसीमकडे. निघताना शबनमने विचारलं, अब्बा, येताय का. मी म्हटलं, अर्धं गणित बुडाल्यावर उरलेल्या अर्ध्याला बसणं नियमात बसत नाही. हे मी कुठं विचारलेलं नाही, पण तर्काने कळतं.

विश्वजीत खाली हॉर्न वाजवत होता.

१७ मार्च

शेवटचा पेपर झाला. भूगोल. नकाशात नदी काढायला सांगितली होती, ती चांगली वळणदार काढली. माझ्या अंदाजाने एकूण बासष्ट टक्के, फर्स्ट क्लास. गणित धरलं तर नुकसान. पण ते धरणार नाहीत.

हिंदुराव असतो म्हणून डेअरीसमोरच्या बाकावर बसणं सोडलं आहे. म्हणजे तो आधीपासूनच बसतो, मी सोडलं आहे.

३१ मार्च

ईद. शीरखुर्मा झाला. पाहुणे येऊन गेले. तन्वीरशिवाय दुसरी. कुणीतरी विचारलं, काका, परीक्षा कशी गेली. नसीम म्हणाली, एक गेली, एक घरी राहिले. सगळे हसले. मी पण हसलो. तोंड आपोआप हसतं.

१३ मे

एक वाजता निकाल. शबनमच्या मोबाइलवर. तिने आधी माझा नंबर टाकला. मोठ्यांचा मान राखते.

मराठी ४४. हिंदी ३८. इंग्रजी ३५. विज्ञान ३६. सामाजिक शास्त्रे ५१. गणित गैरहजर. खाली अनुत्तीर्ण.

शबनम म्हणाली, अब्बा, बाकी सगळ्यात पास आहात. इंग्रजीत पण.

मग तिचा नंबर टाकला. स्क्रीनवर चाक गोल गोल फिरत राहिलं. मग आलं. गणित ३७. एकूण पंचावन्न टक्के. उत्तीर्ण.

तिने मोबाइल नसीमकडे दिला. नसीमला मराठी वाचता येत नाही, आकडे येतात. तिने बराच वेळ बघितलं. मग ओढणी तोंडावर घेतली आणि खाली बसली. तन्वीर गेल्यापासून तिला असं बघितलं नव्हतं. तो गेला तेव्हाही नाही. शबनम तिच्याजवळ बसली. नाजिमा विचारत होती, अम्मी पास झाली तर दादी का रडते.  मला बाहेर काम होतं, निघालो.

बाहेर काही काम नव्हतं. अप्पर डेपोपर्यंत चालत जाऊन आलो.

बेस्ट ऑफ फाइव्हने माझे चाळीस टक्क्यांच्या वर जातात.

१६ मे

शबनमने पेढे दिले, ते घेऊन कुसुम मॅडमकडे गेलो. माझ्या निकालात चूक आहे, दुरुस्तीचा अर्ज कुठं करायचा हे विचारलं. मॅडमनी पेढा खाल्ला, हात पुसले. म्हणाल्या, काका, न आलेल्या माणसाला मार्क कसे देणार. बेस्ट ऑफ फाइव्ह पासवाल्यांसाठी. मी जानेवारीत वर्गात फळ्यावर लिहून सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा येत नव्हतात.

मी म्हटलं, बाकाचा त्रास होता.

त्या म्हणाल्या, हरकत नाही, पावसाळ्यात पुरवणी परीक्षा असते, तेवढं एक गणित द्या. शबनम शिकवेल तुम्हाला. चांगली समजावते ती, शेवटी शेवटी वर्गातल्या पोरांना तीच गणितं सांगायची.

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं ती नुसती बसून राहते.

सुनेकडून शिकायला माझी ना नाही. प्रश्न चष्म्याचा आहे. नंबर बदललाय.

३० मे

शबनमला गुणपत्रिका मिळाली. ऑफिसात जाऊन देऊन आली. एकटीच गेली. बाबू म्हणाला, बरं झालं, वेळेत आलात.

पुरवणीचा फॉर्म भरायची तारीख आज होती म्हणे. शबनम सकाळी दोनदा विचारून गेली. डॉक्टरांकडे जायचं होतं, पायाला सूज आहे. डॉक्टर नव्हते.

१ जुलै

शबनमचा नोकरीचा पहिला दिवस. सोबत गेलो. नसीम म्हणाली, तिला रस्ता माहीत आहे. मी म्हटलं, पहिल्या दिवशी घरचं मोठं माणूस बरोबर असलेलं बरं, ऑफिसातल्या लोकांना कळतं की मागं कुणीतरी आहे. बाबूला भेटून सांगायचं होतं की हिच्या अभ्यासाकडे कोणी लक्ष दिलं.

फाटकावर वॉचमनने विचारलं, कोणाकडे. शबनमने कागद दाखवला, तिला सोडलं. मला म्हणाला, तुमचं काय काम. मी म्हटलं, हिचा सासरा. म्हणाला, मग सुटल्यावर न्यायला या.

शबनम वळून म्हणाली, अब्बा, तुम्ही घरी जा, ऊन व्हायच्या आत. आणि आत गेली. पाठ सरळ ठेवून चालत होती.

मी गेलो नाही. बाबू चहाला बाहेर येईल असं वाटलं. समोर झाडाखाली कठड्यावर बसून राहिलो. पुष्कळ लोक आत-बाहेर करत होते. बाबू आला नाही.

जेवणाच्या सुट्टीत शबनम डबा घेऊन बाहेर आली, बरोबर ऑफिसातली एक मुलगी होती, स्वराली नावाची. मला बघून थांबली. म्हणाली, अब्बा, तुम्ही अजून इथंच. तिला वाईट वाटलं की लाज, ते कळलं नाही. मग त्या मुलीला म्हणाली, हे माझे सासरे, आम्ही दहावीला एकत्र होतो.

स्वराली म्हणाली, काय सांगता, ग्रेट हं काका. किती पडले?

मी म्हटलं, बेस्ट ऑफ फाइव्ह धरले तर बरे आहेत.

शबनम हसली नाही. खाली बघून डबा उघडला. अर्धी चपाती आणि भाजी झाकणात काढून माझ्या हातात दिली. स्वराली सांगत होती की तन्वीरसरांचं टेबल खिडकीजवळ होतं, तेच आता शबनमताईंना दिलंय, वारा चांगला येतो. मी विचारलं, खिडकीतून काय दिसतं. ती म्हणाली, हेच, फाटक आणि हे झाड. मग सुट्टी संपली आणि त्या आत गेल्या.

झाकण माझ्याकडेच राहिलं. पुसून पिशवीत ठेवलं.

स्वारगेटची बस भरलेली होती. उभ्यानेच आलो. तन्वीर अकरा वर्षं ह्याच बसने गेला-आला. त्याला बसायला जागा मिळायची का, हे मी कधी विचारलं नाही.